पाचवे शील आणि गुरुवारचा दवाखाना

(विहाराच्या वर्धापनदिनाच्या कार्यक्रमात एका निवृत्त परिचारिका भगिनीने दिलेले हे व्याख्यान. लिहून काढताना बोलण्याची भाषा शक्यतो तशीच ठेवली आहे. – संपादक मंडळ)

 

वर्धापनदिनाला बोलायला उभे राहिले की विहार कसे उभे राहिले, विटा कोणी वाहिल्या, वर्गणी कोणी काढली, हे सांगायची रीत आहे. ते सांगणारी वडीलधारी मंडळी इथे बसलेली आहेत. मला समितीने वेगळा विषय दिला आहे. आपल्या विहारामागे जी खोली आहे, जिथे सध्या मांडवाचे बांबू आणि जयंतीचे सामान ठेवतो, ती खोली आठवड्यातून एक संध्याकाळ व्यसनमुक्तीच्या दवाखान्यासाठी द्यावी, असा अर्ज समितीपुढे आहे. सरकारी रुग्णालयाचा मानसोपचार विभाग डॉक्टर पाठवायला तयार आहे. येत्या रविवारी त्यावर निर्णय व्हायचा आहे.

यावर वस्तीत काय कुजबूज चालली आहे, ती माझ्याही कानावर आली आहे. "विहारात आता दारुडे येणार का?" "पंचशील घेतल्यावर दारू पितोच कशाला? आणि पितो त्याचे लाड कशाला?" "पोरीबाळी वंदनेला येतात, शोभेल का ते?" हे बोलणारी माणसे वाईट नाहीत. विहाराच्या पावित्र्याची त्यांना काळजी आहे. म्हणून मी रागावून नाही, समजावून बोलणार आहे. आणि आधी माझ्या घरातली गोष्ट सांगणार आहे. ती मी आजवर कुठल्याही व्यासपीठावरून सांगितलेली नाही.

माझा दादा

आम्ही चाळीत राहत होतो. दादा माझ्याहून नऊ वर्षांनी मोठा, कारखान्यात कामाला. आपल्याकडे १९४९ सालीच दारूबंदीचा कायदा झाला, पण गल्लीच्या तोंडाशी हातभट्टी कधी बंद झाली नाही. दादा आधी पगाराच्या दिवशी घ्यायचा, मग शनिवारी, मग रोज. शेवटी शेवटी सकाळी तोंड धुवायच्या आधी. का, तर हात कापायचे, चहाची बशी धरवायची नाही. घेतली की हात थांबायचा. आम्हाला वाटायचे, नाटकं करतो.

१९७९ साली जयंतीच्या दिवशी, १४ एप्रिलला, बाबांनी त्याला बुद्धमूर्तीपुढे बसवले. दादाने पांढरे कपडे घातले होते. त्याने शपथ घेतली, "आजपासून थेंब घेणार नाही." आई रडली, वहिनी रडली. आम्हाला इतका आनंद झाला होता! आणि त्याचे पाय पुन्हा तिकडे वळू नयेत म्हणून आम्ही त्याला आतल्या खोलीत ठेवून बाहेरून कडी लावली. त्यानेच सांगितले होते, "कडी लावा."

पहिल्या रात्री त्याला दरदरून घाम सुटला, सगळे अंग कापायला लागले. आम्ही म्हणालो, विष बाहेर पडतंय. दुसऱ्या दिवशी त्याला झटका आला, तोंडाला फेस. शेजाऱ्यांनी कांदा हुंगवला. तिसऱ्या दिवशी तो भिंतीवरच्या मुंग्या झटकायला लागला. भिंतीवर मुंग्या नव्हत्या. मेलेल्या आजीशी बोलायला लागला. कोणी म्हणाले, बाहेरची बाधा आहे. चौथ्या दिवशी पहाटे दादा गेला. वय अठ्ठावीस. वहिनीच्या पोटात पाचवा महिना.

मी तेव्हा एकोणीस वर्षांची. पुढच्या वर्षी मी नर्सिंगला गेले. दुसऱ्या वर्षाच्या पुस्तकात मला दादाचा आजार सापडला. जसाच्या तसा, दिवसवार लिहिलेला. आणि खाली त्याचे औषधही लिहिलेले.

बंधू-भगिनींनो, माझ्या भावाने शपथ मोडली नाही. शपथ पाळताना तो गेला. आमच्याकडे श्रद्धा होती, माया होती. माहिती नव्हती.

अचानक दारू बंद केली की काय होते?

रोज भरपूर दारू पिणाऱ्याचा मेंदू दारूशी जुळवून घेतो. दारू मेंदूला मंद करते, म्हणून मेंदू स्वतःला जास्त ताणून जागा ठेवायला शिकतो. दोरीवर एका बाजूने कोणीतरी रोज ओढतो आहे, म्हणून आपणही उलट ओढत राहतो, तसे. मग एक दिवस पलीकडच्याने दोरी सोडली तर? आपण पाठीवर आपटतो. दारू अचानक थांबली की मेंदूचे तेच होते.

शेवटच्या घोटानंतर साधारण ६ ते २४ तासांत हात कापणे, घाम, मळमळ, छातीत धडधड, झोप नाही. पहिल्या दोन दिवसांत झटके येऊ शकतात. दुसऱ्या ते चौथ्या दिवसात काहींना भ्रम होतो. नसलेले दिसते, नसलेले ऐकू येते, ताप चढतो, माणूस कुणाला ओळखत नाही. सगळ्यांनाच हे होत नाही. पुष्कळांचे नुसत्या थरथरीवर भागते. पण ज्याला भ्रम झाला त्याला ताबडतोब रुग्णालयात न्यायचे असते, कारण त्यात जीव जाऊ शकतो. तिथे देवर्षी, लिंबू-मिरची, कांदा यांचे काम नाही.

म्हणून माझी पहिली विनंती लिहून घ्या. हे व्याख्यान ऐकून उत्साहाच्या भरात घरी जाऊन कोणाला कोंडू नका. ज्याचा हात सकाळी कापतो आणि घेतल्यावर थांबतो, त्याची दारू डॉक्टरांच्या देखरेखीखालीच बंद करायची.

घरी राहून उपचार

आता तुम्ही म्हणाल, मग भरती करा की! भरती करायची वेळ काहींवर येतेच. पूर्वी झटके आलेले, पूर्वी भ्रम झालेला, कावीळ किंवा रक्ताची उलटी झालेली, दुसरा मोठा आजार असलेला, झोपेच्या गोळ्याही खाणारा, जिवाचे बरेवाईट करण्याची भाषा बोलणारा, गरोदर बाई, किंवा घरी बघायला कोणीच नसलेला माणूस, यांना रुग्णालयात ठेवूनच उपचार करावे लागतात. पण बाकीच्या बहुतेकांची दारू घरी राहून, बाह्यरुग्ण विभागात, म्हणजे आपण ज्याला ओपीडी म्हणतो तिथे येऊन-जाऊन सुटू शकते.

हातावर पोट असलेल्या माणसाला एक महिना भरती व्हा म्हटले तर तो विचारतो, "घरात चूल कशी पेटंल?" आणि ते खरेच आहे. केंद्र सरकारच्या सामाजिक न्याय मंत्रालयाने दिल्लीच्या एम्सकडून देशभर पाहणी करून घेतली. तिचा अहवाल २०१९ साली आला. देशात सुमारे १६ कोटी लोक दारू पितात. त्यांतले साधारण पावणेसहा कोटी असे की ज्यांना मदतीची गरज आहे. आणि दारूच्या पूर्ण आहारी गेलेल्या दर ३८ जणांमागे फक्त एकाला कसलातरी उपचार मिळाला होता. रुग्णालयात भरती होऊन उपचार मिळाला तो १८० जणांमागे एकाला. खाटांची वाट बघत बसलो तर उरलेल्या १७९ जणांचे काय? दवाखानाच वस्तीत आला पाहिजे.

मी २००४ ते २०१८, निवृत्त होईपर्यंत, शहराच्या दुसऱ्या टोकाच्या एका वस्तीत समाजमंदिरातल्या अशा दवाखान्यात काम केले. दर गुरुवारी संध्याकाळी ५ ते ८. दोन टेबले, वजनकाटा, रक्तदाब मोजायचे यंत्र, कुलपाचे लोखंडी कपाट आणि पाण्याचा माठ. एक डॉक्टर, एक समाजसेवक, मी, आणि वस्तीतलीच एक आरोग्यसेविका. एवढाच संसार.

माणूस आला की आधी त्याला बसायला खुर्ची. हे मी मुद्दाम सांगते. दारुड्याला खुर्ची देणारे दुसरे ठिकाण त्याला गावात उरलेले नसते, गुत्ता सोडून. मग केसपेपर. किती पितोस, किती वर्षे, सकाळी लागते का, झटका आला होता का, कावीळ झाली होती का, घरी कोण आहे. डॉक्टर नाडी, रक्तदाब, हाताची थरथर, पोट तपासायचे. घरी उपचार होण्यासारखा असेल तर सोबतच्या माणसाला, आई असो, बायको असो, भाऊ असो, समोर बसवून सगळे समजावायचो.

पहिले पाच ते सात दिवस मेंदू शांत ठेवणाऱ्या गोळ्या, पहिल्या दिवशी जास्त आणि मग रोज कमी कमी करत बंद. या गोळ्या रुग्णाच्या हातात नाही, घरच्याच्या हातात. त्यांच्यावर दारू घेतली तर श्वास मंदावून जिवाला धोका, हे तीनदा सांगायचे. बरोबर ब-१ जीवनसत्त्व. दारू पिणाऱ्याच्या अंगात ते संपत आलेले असते आणि त्याच्या अभावी स्मरणशक्ती कायमची जाऊ शकते. साधी, स्वस्त गोळी किंवा इंजेक्शन, पण फार मोलाची. पाणी, पेज, डाळभात. या आठवड्यात आमची आरोग्यसेविका रोज घरी चक्कर मारायची. ताप, झटका, बडबड दिसली की रिक्षात घालून थेट रुग्णालयात.

आठवड्याने माणूस दाढी करून, स्वच्छ शर्ट घालून येतो. घरचे पेढे घेऊन येतात, "सिस्टर, सुटली!" मी म्हणायची, पेढे ठेवा, पण काम आता सुरू झालंय. दारू अंगातून जायला आठवडा लागतो. डोक्यातून जायला वर्षे लागतात.

म्हणून पुढचे सगळे गुरुवार. समाजसेवक त्याच्याबरोबर बसून यादी करायचे, तुझा पाय कुठे घसरतो? पगाराचा दिवस. अमुक नाका. मित्राची हळद. मयताला गेल्यावर. बायकोशी भांडण. आणि सांगताना वाईट वाटते, पण सांगते, जयंतीची मिरवणूक. मग एकेकाचा उपाय. पगार बायकोने गेटावर जाऊन घ्यायचा. नाका बदलायचा. मिरवणुकीत पाण्याची टाकी सांभाळायचे काम अंगावर घ्यायचे. ओढ कमी करणारी औषधेही आहेत, नाल्ट्रेक्सोन, अकॅम्प्रोसेट. काहींना त्यांचा चांगला उपयोग होतो. डॉक्टर तपासून ठरवतात.

आणखी एक औषध आहे, डायसल्फिरॅम. हे घेतल्यावर दारू प्यायली तर अंग लाल होते, छाती धडधडते, उलट्या होतात. कधीकधी जिवावर बेतते. ते फक्त रुग्णाला माहीत असताना, त्याच्या संमतीने द्यायचे असते. "पिणाऱ्याला न कळू देता दारू सोडवा" अशा जाहिराती तुम्ही भिंतींवर वाचल्या असतील. भाजीत, चहात पावडर कालवू नका, माझ्या बायांनो. तुमचा हेतू चांगला असतो, पण त्या पुडीत काय आहे हे तुम्हाला ठाऊक नसते.

पावडर, गर्द पिणाऱ्यांची गोष्ट थोडी निराळी. ते बंद केल्यावर अंग मोडून येते, नाक-डोळे गळतात, तळमळ असह्य होते. त्यांना ब्युप्रेनॉर्फिनची गोळी जिभेखाली रोज केंद्रावर, परिचारिकेच्या डोळ्यांसमोर देतात. हा उपचार महिने, कधी वर्षे चालतो. लोक म्हणतात, "एक नशा सोडून दुसरी लावली." तसे नाही. मधुमेहाच्या माणसाला रोज औषध लागते, त्याला आपण नशा म्हणत नाही. गोळी घेणारा पोरगा चोरी करत नाही, सुई टोचत नाही, कामावर जातो. एम्सने दिल्लीच्या त्रिलोकपुरी वस्तीत असा दवाखाना चालवून दाखवला आहे. आपल्या पोरांत आता बटण गोळ्या, खोकल्याचे औषध, पंक्चरचे सोल्यूशन हेही आले आहे. अशी पोरेही याच खोलीत येऊ शकतील.

हे आपल्याला जमेल का?

जमते. पुण्यात डॉ. अनिता अवचट आणि अनिल अवचट यांनी १९८६ साली मुक्तांगण सुरू केले, ते पु. ल. आणि सुनीताबाई देशपांडे यांच्या मदतीने. तिथे माणूस भरती होतो, पण बाहेर पडल्यावर त्याने पुन्हा पुन्हा भेटीला यावे यावरही तेवढाच भर असतो. मुंबईत वांद्र्याला १९८१ साली एका चर्चच्या आवारात कृपा फाउंडेशनचे काम सुरू झाले. चर्चला व्यसनी माणसाचा विटाळ झाला नाही. गडचिरोलीत २०१६ पासून 'मुक्तिपथ'च्या कामात तालुक्याच्या ठिकाणी दवाखाने चालवले, गावात जाऊन शिबिरे घेतली.

आणि गोव्याचे उदाहरण तर आपल्यासाठीच आहे असे मला वाटते. तिथे 'संगत' या संस्थेने १० प्राथमिक आरोग्य केंद्रांत एक प्रयोग केला. तो २०१७ साली 'लान्सेट' या जगप्रसिद्ध वैद्यकीय नियतकालिकात छापून आला. दारू त्रासदायक झालेली, पण अजून पूर्ण आहारी न गेलेली ३७७ माणसे निवडली. त्यांच्यातल्या निम्म्यांशी चार बैठकांपर्यंत बोलणे केले. कोणी? डॉक्टरांनी नव्हे. मानसोपचाराचे कसलेही पूर्वशिक्षण नसलेल्या, पण नीट तयार केलेल्या साध्या स्थानिक माणसांनी. तीन महिन्यांनी पाहिले तर बोलणे झालेल्यांपैकी शंभरातले ३६ धोक्याच्या पिण्यातून बाहेर आले होते. ज्यांच्याशी असे बोलणे झाले नव्हते त्यांच्यात हा आकडा २६ होता. म्हणजे शंभरात दहा घरे जास्त वाचली. तुम्ही म्हणाल, फक्त दहा? त्या दहांत आपला पोरगा असेल तर?

यातून दोन गोष्टी घ्यायच्या. लवकर आला तर नुसत्या बोलण्याने भागू शकते. सकाळी हात कापेपर्यंत थांबायचे कशाला? आणि ते बोलणे आपल्यातली चार माणसे शिकू शकतात. महिला मंडळाची बाई शिकू शकते. ज्याची स्वतःची सुटली आहे तो तर सगळ्यांत चांगला शिकतो. अमेरिकेत १९३५ साली अल्कोहोलिक्स ॲनॉनिमस सुरू झाली ती याच जोरावर. पिणाऱ्याला पिऊन सोडलेल्याचे ऐकू येते.

विहाराचे पावित्र्य

आता मूळ आक्षेपाकडे येते. विहारात दारुडे कशाला?

विनयपिटकात स्थविर सागत यांची कथा आहे. आपल्याकडे ती फारशी सांगितली जात नाही. सागत मोठ्या सामर्थ्याचे भिक्खू. त्यांनी एका भयंकर नागाला शांत केले, अशी त्यांची ख्याती झाली. कोसंबी नगरीच्या लोकांना वाटले, यांचा सत्कार करावा. काही उनाड भिक्खूंच्या सांगण्यावरून घरोघर त्यांच्यासाठी मद्य तयार ठेवले. सागत भिक्षेला निघाले, प्रत्येक घरी थोडे थोडे घेतले, आणि नगराबाहेर पडताना वेशीच्या दारातच कोसळले. तेवढ्यात तथागत भिक्खूंसह तिथून आले. त्यांनी काय केले? वळसा घालून पुढे गेले नाहीत. भिक्खूंना म्हणाले, सागताला उचलून घ्या. त्याला विहारात आणले. तिथे तो शुद्ध हरपून तथागतांकडे पाय करून झोपला. तेव्हा तथागतांनी भिक्खूंना विचारले, ज्याने नागाला जिंकले तो आज पाणसापाला तरी जिंकू शकेल का? आणि भिक्खूंनी मद्य पिऊ नये हा नियम त्या वेळी घालून दिला.

म्हणजे बघा, नियम केला आणि पडलेल्याला उचलून विहारातही आणले. दोन्ही एकाच दिवशी, एकाच हाताने. आपण नियम तेवढा लक्षात ठेवला. उचलणे विसरलो.

१४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपूरला बाबासाहेबांनी ज्या बावीस प्रतिज्ञा दिल्या, त्यांत मी दारू पिणार नाही ही सतरावी. ज्या समाजाला पिढ्यान्‌पिढ्या घाणीत उतरवले, मेलेली गुरे ओढायला लावली, तिथे दारू कशी शिरली हे बाबासाहेबांना का ठाऊक नव्हते? आजही गटारात उतरणारा कामगार म्हणतो, "बाई, घेतल्याशिवाय खाली उतरवत नाही." कारण समजून घेणे म्हणजे दारूला माफी देणे नव्हे. प्रतिज्ञा हवीच. पण प्रतिज्ञा घेणाऱ्याला ती पाळण्याची ताकद मिळवून देणे हे समाजाचे काम आहे.

पुन्हा पिणाऱ्याचे काय?

सगळ्यात मोठी तक्रार हीच, "याला काय उपयोग? चार महिने सोडतो, पुन्हा पितो."

आमच्याकडे एक सफाई कामगार यायचा. पहिल्यांदा आला, तीन महिने नीट राहिला, मग गायब. वर्षाने आला, पुन्हा गायब. तिसऱ्या खेपेला मान खाली घालून पायरीवरच बसला, आत येईना. मला म्हणाला, "सिस्टर, माझं नाव खोडलं असंल ना?" मी रजिस्टर दाखवले. नाव होते. आम्ही कोणाचेच नाव खोडत नसू. चौथ्या खेपेला त्याची सुटली. मी निवृत्त झाले तेव्हा त्याला सहा वर्षे झाली होती आणि दर गुरुवारी नव्या माणसाला खुर्ची तोच पुढे करायचा.

आपण शीलांना पालीत काय म्हणतो? सिक्खापद. म्हणजे शिकण्याचे पद, शिकण्याची पायरी. आपण दर रविवारी पंचशील पुन्हा का घेतो? एकदा घेतले की झाले नसते का? नसते झाले, कारण शिकणारा माणूस चुकतो आणि पुन्हा शिकायला बसतो. खोटे बोलणार नाही, हेही शील आपण दर रविवारी घेतो. या आठवड्यात खोटे बोललेल्याने हात वर करा म्हटले तर इथे किती हात वर होतील? मग त्यांना आपण विहाराबाहेर काढतो का? पाचव्या शीलापुरताच आपला न्याय इतका कडक का?

आणि वैद्यकशास्त्रही हेच सांगते. व्यसन हा पुन्हा पुन्हा उलटू शकणारा आजार आहे. रक्तदाब वाढला म्हणून डॉक्टर रुग्णाला हाकलत नाहीत, औषध बदलतात.

घरच्यांसाठी दोन शब्द

पिणारा एक असतो, आजारी सगळे घर पडते. आमच्या समाजमंदिरात बायकांची वेगळी बैठक असायची. नवरा उपचाराला येवो न येवो, बाईने यावे. कर्ज किती फेडायचे, खोटे बोलून त्याची रजा किती दिवस सांभाळायची, पोरांना काय सांगायचे, हे तिथे बोलायचे. आणि एक गोष्ट स्पष्ट सांगते. नवरा आजारी आहे म्हणून त्याचा मार सहन करायचा नसतो. आजाराला दवाखाना आहे, मारहाणीला २००५ सालचा कायदा आहे. दोन्ही दारे वेगळी आणि दोन्ही उघडी.

बायाही पितात. कमी, पण पितात, आणि लाजेपोटी सगळ्यात उशिरा येतात. त्यांच्यासाठी बाईनेच बोलायला बसावे लागेल.

वैतागून घरचे कधीकधी पोराला एखाद्या अशा 'केंद्रा'त टाकतात की जिथे मारतात, बांधून ठेवतात. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्यात दारूचे आणि मादक पदार्थांचे आजारही धरलेले आहेत आणि रुग्णाला साखळीने बांधायला त्या कायद्याने बंदी आहे. केंद्र नोंदणीचे आहे का, डॉक्टर रोज येतात का, घरच्यांना भेटू देतात का, हे विचारल्याशिवाय कोणाला कुठे टाकू नका. काहीच सुचले नाही तर १४४४६ हा सरकारचा व्यसनमुक्तीचा मोफत दूरध्वनी आहे, तो लावा.

समितीकडे मागणे

माझे मागणे मोठे नाही. गुरुवारी तीन तास खोली. कुलपाचे एक कपाट. बांबू आपण जिन्याखाली ठेवू, माझा नातू आणि त्याचे मित्र एका दुपारी हलवतील. चार स्वयंसेवक, त्यांत दोन महिला. प्यायलेल्या अवस्थेत कोणी गोंधळ घातला तर त्याला दुसऱ्या दिवशी यायला सांगायचे, ही जबाबदारी त्या चौघांची. वंदनेच्या वेळेत दवाखाना नाही. आणि बदनामीची ज्यांना भीती आहे त्यांच्यासाठी एक युक्ती आमची आजमावलेली आहे. त्याच संध्याकाळी त्याच खोलीत सगळ्यांचा रक्तदाब आणि साखर तपासायची. मग दारात उभा असलेला माणूस कशासाठी आला हे कोणाला कळत नाही. म्हाताऱ्या आयाबायांनी रांगेत आधी उभे राहावे, म्हणजे लाजणाऱ्याला त्यांच्या मागे उभे राहता येईल. रजिस्टर कपाटात, किल्ली परिचारिकेकडे. आत बोललेले बाहेर बोलायचे नाही.

नवी परिचारिका येईपर्यंत मी येईन. गुडघे दुखतात, पण टेबलाशी बसता येते.

शेवटी एवढेच. दादा गेल्यावर माझे बाबा बावीस वर्षे जगले. दर रविवारी विहारात जायचे, पण त्या आतल्या खोलीच्या दाराला त्यांनी पुन्हा कधी कडी लावू दिली नाही. कडीच काढून टाकली होती. जाताना मला म्हणाले, "पोरी, आपण त्याला कोंडायला नको होतं. कुठं न्यायचं ते कोणी सांगितलं असतं, तर मी त्याला पाठीवर घेऊन गेलो असतो."

या वस्तीत असे किती बाप आज पाठ द्यायला तयार आहेत! कुठे न्यायचे, एवढेच त्यांना सांगायचे आहे. रविवारी समितीने ते ठरवावे, ही नम्र विनंती करून मी थांबते.

नमो बुद्धाय! जय भीम!